चांगल्या पायाचा जोर

जोएलच्या डाव्या बुटाच्या तळाचे पुढचे स्टड, म्हणजे खुंट्या, उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी झिजले होते. बूट सहा आठवड्यांपूर्वीचे, दोन्ही अर्थातच एकाच दिवशी पायात आलेले. मी ते धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवले होते, आणि फरक डोळ्यांना दिसला तरी मोजून पाहिला. स्टड कमी झिजतात म्हणजे तो पाय जमिनीला कमी रेटतो. जोएल मला सहा आठवडे सांगत होता की पाय आता अजिबात दुखत नाही. मी बूट होते तसे ठेवले आणि त्याला काही विचारलं नाही.

जोएल माझा मुलगा. वय एकोणीस. स्केलबरी टाउन या फुटबॉल क्लबचा डावा बचावपटू, म्हणजे त्या जागेसाठीचा दुसरा पर्याय. पहिला पर्याय मिक फर्थ, चौतिसाव्या वर्षीही धडधाकट. मी त्याच क्लबची फिजिओ, बारा वर्षांपासून. स्केलबरी चौथ्या श्रेणीत खेळतं आणि तिथे बहुतेक वेळा खालच्या अर्ध्यात असतं, त्यामुळे फिजिओ एकच आहे. आईने मुलाचा पाय तपासावा का, हा प्रश्न मोठ्या क्लबात उठला असता. आमच्याकडे तपासायला दुसरा माणूसच नव्हता.

जोएलच्या डाव्या मांडीमागचा स्नायू दोनदा फाटला होता. शल्यविशारदांनी दुसऱ्या वेळी मला फोटो दाखवून सांगितलं होतं, तिसऱ्यांदा फाटला तर हाडापासून सुटेल, एक अख्खा मोसम जाईल. जोएलचा करार जानेवारीपर्यंतचा. करार संपलेल्या आणि मोसमभर लंगडणाऱ्या मुलाला कोण घेतं, हे मी बारा वर्षं पाहत आले होते.

आणि मंगळवारी सामना होता.

सामना करंडकाचा. ही स्पर्धा मुळात तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या क्लबांची. काही वर्षांपूर्वी तिच्यात मोठ्या क्लबांच्या अकादमीची पोरं घुसवली, तेव्हापासून आमचे प्रेक्षक रुसले आहेत. लीगच्या सामन्याला तीन हजार येतात, करंडकाला चारशे. तीन स्टँड बंद ठेवावे लागतात आणि उघड्या चौथ्यात कुणी खोकलं तरी मैदानात ऐकू येतं. या वेळी सोडतीत आमच्या गटात जी अकादमी आली, तिच्यातूनच जोएलला सोळाव्या वर्षी काढून टाकलं होतं. तिच्या यादीत सात नंबरला नाव होतं रीस टॅटरसॉल. उजव्या बाजूने धावणारा. म्हणजे नव्वद मिनिटं डाव्या बचावपटूच्या समोर.

रीस आणि जोएल आठ वर्षांचे असताना एकाच दिवशी त्या अकादमीत गेले. आम्ही एकाच गल्लीत राहायचो. रीसची आई बेव्ह आणि मी आलटून पालटून गाडी काढायचो, आठवड्यातून चारदा, आठ वर्षं. बेव्हला ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती गाडीत बसून मासिकं वाचायची आणि मी काचेला नाक लावून प्रत्येक पास मोजायची. मुलांच्या उंचीचे आलेख मी दर तीन महिन्यांनी काढत होते, दोघांचेही. तेराव्या वर्षी रीसला मिसरूड फुटली होती आणि जोएल त्याच्या खांद्याला लागत होता. मी अकादमीच्या लोकांना चार पानं लिहून दिली: हा मुलगा उशिरा वाढणारा आहे, अठरापर्यंत थांबा. त्यांनी पानं घेतली, आभार मानले, आणि तीन वर्षांनी रीसला ठेवून जोएलला घरी पाठवलं. आज जोएल रीसपेक्षा दोन सेंटिमीटरने उंच आहे.

रीस माझ्या मुलापेक्षा चांगला नव्हता, फक्त आधी वाढला होता. हे वाक्य मी तीन वर्षं मनात घोळवत होते. भांडी घासताना, दुसऱ्यांच्या मुलांचे घोटे बांधताना. बेव्ह मला दर वेळी फोटो पाठवायची. रीस नव्या जर्सीत, रीस परदेशातल्या स्पर्धेत, रीस एकोणीस वर्षांखालच्या देशाच्या संघासोबत विमानात. खाली लिहायची, ‘तुझ्यामुळेच गं, तू किती फेऱ्या मारल्यास!’ तिला तसं खरंच वाटायचं. म्हणून जास्त झोंबायचं. गेल्या वर्षी रीसचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि तिचा रडत फोन आला, तेव्हा माझ्या छातीत आधी जे हललं ते दुःख नव्हतं. ते अर्धा सेकंदही टिकलं नसेल. मग मी तिला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते सांगितलं, सूप करून नेलं, आणि घरी येऊन बराच वेळ हात धूत राहिले.

सोमवारी सकाळी मी जोएलला तपासलं. तपासणी सोपी आहे. खेळाडू पालथा झोपतो, टाच वर ओढतो, आणि मी टाचेवर जोर मोजायचं छोटं यंत्र धरते. प्रत्येक पायाचे तीन प्रयत्न, त्यांची सरासरी. दोन पायांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर खेळायचं, नसेल तर नाही. गुरुवारी फरक चौदा आला होता. बॉसना, म्हणजे संघाच्या व्यवस्थापकांना, मी एवढंच सांगितलं होतं की सोमवारी पुन्हा बघते.

शेजारच्या टेबलावर मिक फर्थ पोटरीला बर्फ लावून पडला होता.

“काय डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला. मी डॉक्टर नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. “उद्या मी किती मिनिटं खेळतोय?”

“बॉस म्हणाले, सहा.”

“सहा? अहो, मला घाम यायलाच दहा लागतात.”

“मग कोरडाच ये बाहेर. जर्सी तरी धुवायला नको.”

मिकचं सहा मिनिटं खेळणं ही आमच्या बॉसची युक्ती. नियम सांगतो की नेहमीच्या संघातले किमान चार जण सुरुवातीला मैदानात हवेत. किती वेळ हवेत, ते नियमात लिहिलेलं नाही. म्हणून मिक उतरणार, सहाव्या मिनिटाला बाहेर येणार आणि त्याच्या जागी जोएल जाणार. जोएल फिट असेल तर.

“आणि ह्या चिरंजिवांना आईची चिठ्ठी मिळाली का?” मिकने जोएलकडे मान वळवली. “की उद्या पोटात दुखतंय?”

“आजोबा, तुम्ही बर्फ सांभाळा,” जोएल उशीत तोंड खुपसून म्हणाला. “वितळतोय.”

मिक हसत, लंगडल्याचं नाटक करत बाहेर गेला. मी यंत्र धरलं. पहिले तीन प्रयत्न, दोन्ही पाय. फरक तेरा.

“किती?” जोएलने विचारलं.

“थोडा दम घे. पुन्हा करू.”

“आई, मला काही नको. लीगचे सामने नकोत. फक्त उद्या रीस समोर हवा. एकदाच.”

मी पुन्हा यंत्र धरलं. दुसऱ्या वेळी फरक बारा. नियमाप्रमाणे इथेच थांबायला हवं होतं. आवडता आकडा येईपर्यंत मोजत राहायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी त्याला पाच मिनिटं पडू दिलं आणि तिसऱ्यांदा यंत्र धरलं.

दुखरा पाय आधी झाला. मग चांगला. आणि चांगल्या पायाच्या वेळी मी पाहिलं: त्याच्या कमरेचे स्नायू ताणलेच नाहीत, हातांची बोटं टेबलाच्या कडेवर सैल पडली होती. तो पूर्ण जोर लावत नव्हता. चांगला पाय मुद्दाम दुबळा दाखवला की फरक कमी दिसतो. ही चलाखी जुनी आहे. मी ती बारा वर्षांत निदान वीस खेळाडूंची पकडली आहे आणि प्रत्येकाला झापलं आहे.

फरक नऊ.

“किती?” तो पुन्हा म्हणाला.

“नऊ.”

“बरं,” तो म्हणाला आणि उठून मोजे घालू लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नऊ लिहिले तेव्हा वहीकडेच पाहत होते.

दुपारी बॉसनी, म्हणजे लेन ऑगडननी, मला दारातच गाठलं. लेन साठीचे, आवाज घोगरा, माणूस सरळ.

“जूडिथ, एका शब्दात. हो की नाही?”

“हो.”

“तुझं पोर आहे म्हणून विचारतो हं. पलीकडच्या इस्पितळात तुझी ती फिजिओ मैत्रीण आहे ना, तिला दाखवायचं का एकदा?”

“गरज नाही.”

“नको तर नको. तुझ्या शब्दावर मी बारा वर्षं संघ उतरवतोय.” त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटं वाजवली. “उद्या त्याला नीट बघणार आहे. पुढच्या वर्षी मिक नसेल. मला डावीकडे कोणीतरी हवंय.”

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता चारशे बारा माणसं होती. बेव्ह आमच्या बाकाच्या बरोबर मागे, चौथ्या ओळीत, मांडीवर थर्मास घेऊन. मला पाहून तिने दोन्ही हात हलवले. मीही एक हलवला.

सहाव्या मिनिटाला खेळाडू बदलायची पाटी वर झाली. मिक रमतगमत बाहेर आला. चारशे लोकांना दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून अभिवादन केलं आणि बाकावर बसता बसता म्हणाला, “कुणीतरी शाल द्या रे. म्हातारं माणूस दमलंय.” तोवर जोएल धावत आत गेला होता.

रीसने त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. रिकाम्या मैदानात त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. “जो! अरे, आईने सोडलं का रे तुला? डबा आणलायस ना?”

“आणलाय. तुझाच आहे, ये घ्यायला.”

पहिल्यांदा रीस धावला तेव्हा जोएलने चेंडू त्याच्या पायातून अलगद काढून घेतला. दुसऱ्यांदा त्याला रेषेबाहेर ढकललं. तिसऱ्यांदा रीस स्वतःच मागे वळला. मी मोजत होते. जोएल तीन, रीस शून्य. माझ्या मानेवर ऊब चढली. मी मागे वळून बेव्हकडे पाहिलं नाही, पण तिने पाहावं एवढी ताठ बसले. अकादमीचे ते लोकही कुठेतरी बसले असणार. पाहा म्हणावं त्या चार पानांकडे.

अडतिसाव्या मिनिटाला रीसने चेंडू आत घेतला. जोएल त्याच्यासोबत वळला, बरोबर वळला, माझ्या डोळ्यांना त्यात काही चूक दिसली नाही. पण रीसने मधेच गती बदलली, अर्ध्या पावलाची, आणि डाव्या पायाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात ठेवला. शून्य-एक. तसं करायला कुणी कुणाला शिकवू शकत नाही. उंचीचा, मिसरुडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तीन वर्षं घोळवलेलं माझं वाक्य त्या अर्ध्या पावलात उघडं पडलं, आणि मला रीसचा इतका राग आला की माझ्या हातातली पाण्याची बाटली चेपली.

मागे बेव्ह उभी राहिली होती. मग मी दिसले म्हणून पटकन खाली बसली, तोंडावर हात ठेवून. माझ्यासाठी तिने आपल्या मुलाचा गोल गिळला. तिने नाचून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मध्यंतरात ती कठड्यापाशी आली.

“जूडिथ! किती छान खेळतोय गं जोएल! रीस नेहमी म्हणतो, जोइतका त्रास मला कुणी दिला नाही.”

“रीसचा गोल छान होता.”

“अगं, तुला सांगायचंच राहिलं.” तिने कठड्यावरून वाकून माझा हात धरला. “शनिवारी त्याला मोठ्या संघात घेतलंय. बाकावर फक्त, पण मोठ्या संघात! मी अजून कुणालाच सांगितलं नाही. पहिलं तुला.”

“अभिनंदन,” मी म्हणाले. “पाच मिनिटांत सुरू होईल, मला आत जायला हवं.”

आत जोएल भिंतीला टेकून बसला होता, डावा पाय लांब केलेला. मी आले तसा त्याने तो जवळ ओढला.

“पाय कसाय रे?” लेननी विचारलं.

“एकदम ठीक, बॉस.”

लेननी माझ्याकडे पाहिलं. खोलीत सोळा माणसं, केळ्यांचा आणि मलमाचा वास. मला बोलता आलं असतं. बेव्हच्या बोटांची ऊब अजून मनगटावर होती. शनिवारी, मोठ्या संघात.

“ठीक आहे,” मी म्हणाले.

उत्तरार्धात मी पास मोजायचे सोडून पावलं मोजली. जोएलचं डावं पाऊल उजव्यापेक्षा आखूड पडायला लागलं होतं. आधी फक्त वळताना, मग सरळ धावतानाही. त्रेसष्टाव्या मिनिटाला मात्र तो सगळं विसरला. चेंडू डावीकडे सुटला, तो रीसला मागे टाकून टोकापर्यंत धावला आणि त्याने असा चेंडू आत टाकला की आमच्या नऊ नंबरला फक्त कपाळ लावायचं होतं. एक-एक. चारशे माणसांनी तीन हजारांचा आवाज केला. मिकने माझ्या पाठीत थाप मारली. “डॉक्टरीणबाई, माझी नोकरी खाल्ली तुमच्या पोराने!”

लेन बाजूच्या रेषेवर नाचून परत आले. “शनिवारी हाच,” ते मला म्हणाले. “ऐकलंस का जूडिथ? शनिवारी लीगमध्ये डावीकडे हाच खेळणार. आणि जानेवारीचं मी उद्या वर बोलून टाकतो.”

मी ऐकलं. जोएल लांबच्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. सगळे त्याच्या अंगावर पडून मोकळे झाल्यावर त्याचा हात मांडीमागे गेला, आणि मी पाहतेय हे आठवून लगेच कमरेवर आला.

एकोणीस मिनिटं तशीच गेली. घड्याळात ब्याऐंशी. बरोबरी राहिली तर थेट पेनल्टी. म्हणजे आठ मिनिटं, वर वाया गेलेल्या वेळेची तीन-चार. मी गप्प बसले तर अकरा-बारा मिनिटांत त्याला सगळं मिळणार होतं.

तेवढ्यात अकादमीचा प्रशिक्षक ओरडला. रिकाम्या स्टँडमुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. “तो डावीकडचा लंगडतोय! त्याच्या मागे टाका! रीस, पळव त्याला!”

पुढचा चेंडू तसाच आला, लांब, जोएलच्या मागच्या मोकळ्या जागेत. रीस दोन पावलं आधी निघाला होता. त्याने चेंडू गाठला, समोर फक्त जोएल, आणि जोएल डाव्या पायावर वळू शकत नव्हता. रीसने ते पाहिलं. त्याने मान उचलून आमच्या बाकाकडे पाहिलं, थेट माझ्याकडे, गाडीच्या मागच्या सीटवरून आरशात पाहायचा तसं. काही विचारत असल्यासारखं. मग त्याने चेंडू थांबवला, वळला, आणि मागे आपल्या बचावपटूकडे देऊन टाकला.

“काय करतोयस?” त्याचा प्रशिक्षक किंचाळला. “पळव म्हटलं ना!”

रीसने हात वर करून चूक झाल्याची खूण केली. पुढच्या वेळी चेंडू आला तेव्हा तो रेषेला चिकटून उभाच राहिला, मागितलाच नाही. शनिवारी मोठ्या संघात जाणारा मुलगा, ज्याला आज प्रत्येक जण बघत होता. प्रेक्षकांना वाटलं तो दमला. जोएलला वाटलं आपण त्याला रोखलं. त्याने मुठी आवळल्या. मागे बेव्ह कुणालातरी विचारत होती, “रीसला काय झालं? दुखलं का त्याला?”

बरा पाय आणि तो अर्ध्या पावलाचा बदल त्याच्याकडे होताच. आता हेही त्याच्याकडेच असावं! माझ्या मुलाचं शरीर मी बारा वर्षांच्या अनुभवानिशी आणि यंत्रानिशी बघत होते, आणि त्याची काळजी घेत होता बेव्हचा मुलगा. त्याने दिलेल्या दहा मिनिटांवर जोएलचा करार होणार होता. मला ते सहन होईना. यात जोएलवरची माया किती आणि हा हेवा किती, ते मला तेव्हाही वेगळं काढता आलं नाही आणि आजही येत नाही.

मी उठले. रेषेवर लेन हात चोळत उभे होते.

“बॉस.”

“आता नाही, जूडिथ. पेनल्टीला पाचवा कोण, ते ठरवतोय. जोएल घेईल का?”

जोएल मैदानातून पाहत होता. मी उठले आहे हे त्याने पाहिलं आणि तिथूनच मान हलवली. नाही. आई, नाही.

“जोएलला बाहेर घ्या,” मी म्हणाले. “आत्ता. तो फिट नाही, काल सकाळीही नव्हता. तपासताना त्याने चांगल्या पायाचा जोर चोरला आणि मी ते पाहूनही नऊ लिहिले.”